भिंतीनं राजा हलवला

त्याला सगळे ‘भिंत’ म्हणायचे, आणि ते कौतुकानं म्हणतात अशी समजूत त्यानं कित्येक वर्षं स्वतःची करून घेतली होती.

बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर म्हटलं की लोकांना वाटतं, हा वजीर फेकणार, घोडे उधळणार आणि बघता बघता मात करणार. भिंतीच्या डावात यातलं काही नसे. तो यायचा, खुर्ची पुढे ओढायचा, प्यादी एकमेकांना खेटून उभी करायचा, राजाला कोपऱ्यात नेऊन झाकून टाकायचा आणि मग समोरचा कंटाळायची वाट बघायचा. समोरच्याचा पाय हलायला लागला, नजर खिडकीकडे जायला लागली, की भिंत एक प्यादं पुढे सरकवायची. पुन्हा वाट. पुन्हा एक प्यादं. मोठे खेळाडू त्याच्याशी बरोबरी करून उठत, लहान खेळाडू हरून उठत, आणि दोघंही जांभया देत उठत. स्पर्धेचं समालोचन करणारे त्याचा पट पडद्यावर आला की म्हणत, “इथे काही घडत नाहीये, पुढच्या टेबलाकडे वळू या.”

जन्मतः तो असा नव्हता. त्याचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळा दिवस दुसऱ्यांच्या इमारतींत तारा आणि कप्प्या यांच्याशी झटापट करून घरी यायचे ते स्वतःच्या इमारतीचे तीन मजले पायी चढून, कारण तिथे लिफ्टच नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे जिन्याला एक रुंद पायरी होती. तिथे तो आणि त्याची मोठी बहीण पट मांडून बसत. जाणारे-येणारे कुरकुरत पाय उचलून पलीकडे जात. हा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, आणि खेळायचा कसा, तर घरात आग लागल्यासारखा. हत्ती दे, घोडा दे, वजीरसुद्धा दे, पण त्या राजाला गाठ. ताई ओरडायची, “अरे, बापाचा माल आहे का? किती उधळशील!” आणि उधळून उधळून तो तिला मात करायचा.

पुढे त्याला ‘सरां’कडे घातलं. सर एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बुद्धिबळाचा क्लब चालवायचे. खोलीला कायम चामड्याचा आणि खळीचा वास. पहिल्याच महिन्यात त्यानं क्लबातल्या एका मिशाळ गृहस्थाला हत्ती देऊन हरवलं. सगळे उठून बघायला आले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी पटावरचे मोहरे हातानं एका बाजूला लोटले आणि म्हणाले, “जिंकलास ते चूक झाली म्हणून. त्याची चूक. रोज कोण चुकणार आहे तुझ्यासाठी?”

त्या दिवसापासून नियम झाला, की मोहरा फुकट द्यायचा नाही. दिला की पट बंद, घरी जा. सर म्हणत, “बळी द्यायची चैन राजेरजवाड्यांनी करावी. तुझा बाप लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. तू आपला आहे ते सांभाळ.” मुलाच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसा त्यांनी त्याचा खेळ काढून घेतला. सुरुवातीला तो रडला, मग रुसला, मग शिकला. आणि या शिकण्याचा उपयोग झाला, हेच तर मोठं दुखणं. तो हरेनासा झाला. स्पर्धांमागून स्पर्धा, बरोबरीमागून बरोबरी, मधेच एखादा चिवट विजय, असं करत तिशीच्या आत तो ग्रँडमास्टर झाला. वर्तमानपत्रात फोटो आला, तो सरांचा. हा त्यांच्या खांद्यामागे, अर्धा.

पुढची वर्षं गेली जशी नोकरदाराची जातात. परगावची हॉटेलं, थंड झालेली कॉफी, सकाळी मुलांच्या शिकवण्या. लग्न राहून गेलं. बहिणीचं बिऱ्हाड खालच्याच मजल्यावर होतं. ती शहरबस चालवायची, आणि तिचा आवाज असा की इंजिन बंद असलं तरी चालू आहेसं वाटावं. स्पर्धेवाले त्याला बोलवायचे, कारण यादीत एखादा ग्रँडमास्टर कमी पडला की भिंत हमखास यायची, तक्रार करायची नाही आणि कुणाचं काही बिघडवायची नाही.

मग त्याच्या पंचेचाळिशीत ती स्पर्धा आली.

मोठी स्पर्धा होती, आणि तिचा नवरदेव होता एकोणीस वर्षांचा एक पोरगा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘युवराज’ म्हणायला सुरुवात केली होती आणि त्यानं ते लगेच मनावर घेतलं होतं. पोरगा गुणी होता, यात वाद नाही. पण गुणांबरोबर येणारी गुर्मीही त्यानं पुरेपूर घेतली होती. स्पर्धेच्या मध्यावर भिंतीची खोली बदलली. युवराजाच्या प्रशिक्षकाला खिडकीची खोली हवी होती, म्हणून भिंतीला तळमजल्यावर, हॉटेलच्या धुलाईयंत्रांच्या शेजारी टाकलं. विचारलं कुणी नाही. किल्ली हातात ठेवून सांगितलं, “तुम्हाला चालेल ना.” तो ‘चालेल’ म्हणाला. आयुष्यभर तेच म्हणत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्याहारीच्या रांगेत उभा होता. पुढेच युवराज, मित्राशी बोलत. आज त्याचा डाव कुणाशी आहे असं मित्रानं विचारलं. युवराज म्हणाला, “आज सुट्टी. भिंतीशी आहे. दहा खेळ्या करायच्या, बरोबरी घ्यायची, आणि पोहायला जायचं. भिंतीवर डोकं कोण आपटणार?” मित्र हसला. वाढणारी बाईही हसली. तिला बिचारीला काय ठाऊक, की भिंत ताट घेऊन मागेच उभी आहे.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती अशी जाते हे त्याला त्या दिवशी कळलं. तिला एवढी वर्षं लागली होती, पण ती गेली. तो ताट तसंच ठेवून निघून गेला.

डाव सुरू झाला. दहाव्या खेळीला युवराजानं हात पुढे केला, डोळा मिचकावला आणि म्हणाला, “काका, बरोबरी?”

“नाही.”

पोराला नीट ऐकू आलं नसावं. “बरोबरी म्हटलं, काका.”

“मी नाही म्हटलं. खेळ.”

आणि मग भिंतीनं जे केलं ते तिथे बसलेल्या कुणीच तोवर बघितलं नव्हतं. त्यानं युवराजाच्या राजापुढचं प्यादं घोड्यानं मारलं, घोडा सरळ फुकट. पोरानं घोडा घेतला. त्यानं उंट आणून लावला, मग हत्ती देऊन टाकला. एव्हाना शेजारच्या टेबलांवरचे उठून मागे जमले होते. समालोचक ज्या पटाकडे कधी वळत नसत त्या पटावरून हलेनात. सगळ्यांना वाटलं, आता शह, आता वजीर आत जाणार. आणि नेमक्या त्या वेळी, पेटलेल्या घरातून माणसानं शांतपणे चपला नीट लावाव्यात तसा, त्यानं आपला राजा एक घर बाजूला सरकवला. बस्स. नुसता राजा. युवराजानं त्या खेळीकडे इतका वेळ बघितलं की त्याचा चेहरा उतरत गेलेला सगळ्यांनी पाहिला. त्याच्याजवळ सुटकेचा एकच मार्ग होता, उलट शह देत राहण्याचा. राजा त्या घरात गेल्यावर शहच उरला नव्हता. थोड्या खेळ्यांनी पोरानं घड्याळ थांबवून हार मानली.

भिंत उठली. इतक्या वर्षांनी त्याला त्या जिन्यावरच्या पायरीवर बसल्यासारखं वाटत होतं.

हा आनंद त्याला धड बाहेरच्या दरवाजापर्यंतही पोचवता आला नाही. युवराज थेट माइकपाशी गेला. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, काय झालं? पोरगा म्हणाला, “मी आरोप करत नाही. पण ती राजाची खेळी माणूस करत नाही. यंत्र करतं, संगणक. आणि काका तर नक्कीच करत नाहीत. त्यांची ही शैलीच नाही. त्यांचे हजार डाव काढून बघा.” मग खांदे उडवून त्यानं पुढे जोडलं, “ज्यांना समजायचं ते समजतील.”

सगळ्यांना लगेच समजलं. चोरी पकडल्यावर शहाणपण सगळ्यांनाच सुचतं, इथे तर चोरी नसतानाच सुचलं. मुख्य पंचांनी त्याला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे जेवणाची जादा टेबलं एकावर एक रचून ठेवली होती. त्यांतल्या एकावर त्याला खिसे रिकामे करायला लावले. कोट काढायला लावला. मग बूट. पंच ओळखीचेच होते, दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच्याशी बरोबरीत खेळलेले. ते मान खाली घालून म्हणाले, “नियम आहे हो. मनावर घेऊ नका.”

तो मोजे घातलेल्या पायांनी गार फरशीवर उभा होता. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. पंच बुटांत काही उपकरण लपवलंय का ते हात घालून बघत होते.

“काय सापडलं?” त्यानं विचारलं.

“काही नाही.”

“मग बाहेर जाऊन सांगा तसं.”

“आता चौकशी होईल ना. समिती सांगेल.”

चौकशी व्हायला दोन महिने गेले. तेवढ्या काळात शिकवणीची निम्मी मुलं गळाली. कुणाच्या आईनं स्पष्ट सांगितलं नाही. कुणाची परीक्षा निघाली, कुणाला पोहण्याची आवड लागली. ताई बसमधून उतरून तशीच गणवेशात त्याच्याकडे यायची आणि त्याच्याऐवजी शिव्या द्यायची. तो नुसता ऐकायचा. त्याला स्वतःचा राग तोंडानं काढण्याची सवयच नव्हती.

समिती बसली ती बुद्धिबळ संघटनेच्या कचेरीत. लांब टेबल, तीन माणसं. मधे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना उंट तिरका चालतो एवढं माहीत होतं. त्यांनी साक्षीला सरांना बोलावलं होतं. सर आता काठी टेकत चालत. ते आले, बसले, पाणी प्यायले. अध्यक्षांनी विचारलं, “हा डाव तुम्ही बघितला असेल. तुमच्या शिष्याच्या शैलीत बसतो का?”

सरांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “मी याला लहानपणापासून शिकवलं. हा असा कधीही खेळला नाही. हा याचा खेळ नाही.”

भिंतीच्या कानांत दडे बसल्यासारखं झालं.

तेवढ्यात दार उघडून ताई आत आली. बोलावलं नव्हतंच तिला. गाडी डेपोत लावून सरळ इकडे आली होती. “मी याची बहीण. मला बोलायचंय.”

“बाई, तुमचं नाव यादीत नाही.”

“मग लिहून घ्या. सरांकडे जायच्या आधी हा माझ्याशी खेळायचा. एवढासा होता तेव्हापासून असाच खेळायचा. मी सारखी शह द्यायचे, हा वैतागायचा. म्हणून आधी राजा बाजूला करायचा आणि मग माझ्यावर तुटून पडायचा. दर वेळी. ती यंत्राची खेळी नाही, साहेब. ती आमच्या जिन्यातली खेळी आहे.”

अध्यक्ष कसनुसं हसले. “हा पुरावा होत नाही, बाई.”

“आणि त्या पोराचं म्हणणं पुरावा होतो? काय सापडलं याच्याजवळ? फाटका मोजा सापडला! माणसाला खेळता येतं, हाच गुन्हा का?”

तिला हाताला धरून बाहेर काढावं लागलं नाही. बोलून झाल्यावर ती आपणच निघून गेली. दार मात्र तिनं असं आपटलं की भिंतीवरची तसबीर कलली.

निकाल एका वाक्याचा होता: ‘गैरप्रकाराचा पुरावा आढळला नाही.’

“यात ‘निर्दोष’ असं लिहा,” तो म्हणाला.

“आमच्या नियमात तसा शब्द नाही.”

“म्हणजे मी केलं, पण सापडलो नाही, असं झालं हे.”

“तुम्ही उगीच ताणताय. सुटलात ना? सोडून द्या.”

सोडून द्या. हे दोन शब्द त्याला पुढे इतक्या जणांनी ऐकवले, की ते ऐकले की त्याच्या जबड्याला कळ यायची. ज्याचं काही गेलेलं नसतं तोच दुसऱ्याला सोडून द्यायला सांगतो.

जिन्यात सर हळूहळू उतरत होते. त्यानं त्यांना गाठलं.

“सर, माझा हा खेळ कुणी मोडला? तुम्हीच ना? आणि आज तुम्हीच सांगता की तो माझा नाही?”

“मी खोटं बोललो नाही. माझ्या हाताखाली तू तसा खेळला नाहीस.”

“कारण तुम्ही पट बंद करायचात!”

“मी तुला घडवलं.”

“घडवलं नाही, चिणलं. आत जो होता त्याला आतच ठेवून वरून विटा रचल्यात.”

सरांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “मला एकट्याला सांग. त्या दिवशी ते आलं कुठून?”

म्हणजे यांनासुद्धा खात्री नव्हती! त्याला वाटलं, या म्हाताऱ्याला इथेच जिन्यात सोडावं आणि पुन्हा तोंड बघू नये. “रागातून आलं,” तो म्हणाला.

“रागात कुणी इतक्या थंडपणे राजा हलवत नाही.”

“तुम्हाला राग म्हणजे आरडाओरडा एवढंच ठाऊक आहे, सर.” आणि तो त्यांच्या आधी उतरून गेला. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

त्यानंतर भिंत, भिंत राहिली नाही. प्रत्येक स्पर्धेत तो चढाई करायला लागला. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तोंडावर आपटला. वय झालेलं, सवय मोडलेली. कालची पोरं त्याचे बळी खिशात घालायची आणि त्याला हरवून जायची. मानांकन घसरलं. लोक लगेच म्हणाले, बघा, यंत्र नाही तर काय होतं ते. मधेच तो असा एखादा डाव जिंकायचा की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा, तर लोक म्हणायचे, बघा, पुन्हा सुरू झालं. हरला तरी चोर, जिंकला तरी चोर. ताई म्हणाली, “मग परत तुझं ते रटाळ का खेळत नाहीस?” तो म्हणाला, “तसं खेळलो तर त्यांचंच खरं होईल.”

वर्षभरानं संघांच्या स्पर्धेत युवराज पुन्हा समोर आला. डावाच्या आधी तो कॉफीच्या यंत्रापाशी भिंतीजवळ आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “काका, ते त्या वेळी रागाच्या भरात बोलून गेलो. सॉरी.”

“कुठं बोलला होतास?”

“म्हणजे?”

“माइकवर बोलला होतास. सगळ्या जगाला ऐकू जाईल असं. आणि माफी कुठं मागतोयस? कॉफीच्या यंत्राला ऐकू जाईल अशी.”

“आता ते कशाला उकरायचं? तुम्हाला तर सोडलं ना.”

“माइक तिकडे आहे,” तो म्हणाला. “पाच पावलं.”

युवराजानं माइककडे बघितलं, मग कपाकडे बघितलं, आणि कप घेऊन निघून गेला.

दोघं पटावर बसले. छायाचित्रकार जमले होते. युवराज हसत उठला आणि डावाआधीच्या हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. भिंतीनं आपले हात मांडीवर ठेवले आणि तिथेच राहू दिले.

पोराचा हात हवेत. कॅमेरे खटाखट. तेच पंच धावत आले. “अहो, हात मिळवा. नियम आहे. नाहीतर डाव हरलात असं लिहीन.”

“बूट काढायला लावलेत तेव्हाही नियमच होता,” तो म्हणाला. “तो पाळला. हा पाळणार नाही.”

“संघाचा गुण जाईल!”

मागून त्याच्याच संघाचा कर्णधार दात-ओठ खात पुटपुटला, “अहो, नाटकं कसली करताय? एक हात तर द्यायचाय!”

“त्याला विचारा, हात कशासाठी हवाय,” तो म्हणाला. “चोराशी हात मिळवून काय करणार तो?”

युवराजाचा चेहरा लाल झाला. हात खाली घ्यावा तर हार, वर ठेवावा तर हसं. दालनातली बाकीची घड्याळं चालू होती आणि कुणीही खेळत नव्हतं. पंचांनी दुसऱ्यांदा ताकीद दिली, मग युवराजाच्या नावापुढे एक लिहिलं आणि भिंतीच्या नावापुढे शून्य. एकही खेळी न करता भिंत हरली. तो खुर्ची मागे सारून उठला, कोट घातला आणि भरल्या दालनातून चालत बाहेर गेला. इतकं ताठ तो जिंकल्यावरही कधी चालला नव्हता.

त्याला काही महिन्यांची बंदी झाली. संघानं काढून टाकलं. पण ते हवेत राहिलेल्या हाताचं छायाचित्र जिकडेतिकडे गेलं, आणि आता प्रश्न युवराजाला यायला लागले. प्रत्येक स्पर्धेत, प्रत्येक मुलाखतीत. काकांनी हात का दिला नाही? तुमच्याकडे पुरावा होता का? नव्हता तर बोललात का? पोरगा आधी चिडला, मग टाळायला लागला, मग त्याचा खेळ बिघडायला लागला. शेवटी एकदा, एका अंतिम फेरीनंतर, माइक समोर असताना तो म्हणाला, “मी चुकलो होतो. त्यांनी काही केलं नव्हतं. तो डाव त्यांचाच होता आणि तो सुंदर होता.” ऐकणारे सांगतात, तो रडकुंडीला आला होता.

त्या दुपारी भिंतीचा फोन वाजला. वार्ताहर होता, फार उत्साहात. “ऐकलंत ना? अभिनंदन! आता मन मोकळं झालं असेल.”

“नाही.”

“म्हणजे, राग गेला असेल ना आता?”

“नाही. त्यानं जे उशिरा केलं ते चांगलं केलं. पण मधली दोन वर्षं कुणी खाल्ली? त्या कचेरीतल्यांनी अजून ‘निर्दोष’ लिहिलेलं नाही. त्यांनाही फोन करा. मला करू नका.” आणि त्यानं फोन ठेवला.

संध्याकाळी तो ताईच्या बसच्या थांब्यावर गेला. तिची शेवटची फेरी होती, गाडीत चार-पाचच माणसं. तो तिच्यामागच्या बाकावर बसला.

“ऐकलं मी,” ती आरशात बघत म्हणाली. “आता पुढच्या वेळी भेटला तर हात दे त्या पोराला. लहान आहे.”

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“म्हणजे नाही.”

ताईनं मान हलवली, हसू दाबलं, आणि गिअर असा टाकला की मागे उतरायला उभे असलेले दोघं धडपडले.